अठरा दिवसांचं स्वयंपाकघर

इसाओची बायको फुमिए पडली तेव्हा तो घरातच होता. चटईवर बसून पेपर वाचत होता. स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. एरवी भांडं पडलं की पाठोपाठ "काही नाही, काही नाही" असं यायचं, ते या वेळी आलं नाही, म्हणून तो उठला. फुमिए पायरीवर आडवी झालेली होती. शिंपल्यांचं गरम कालवण जमिनीवर पसरलं होतं आणि ती एका हाताने ते शिंपले गोळा करत होती. "पाय हलत नाहीये," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ संपलंय सांगावं तसा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मग दुसऱ्या इस्पितळात चालायला शिकवणाऱ्या वॉर्डात तिला हलवलं. तीन महिने तरी लागतील, असं डॉक्टर म्हणाले. इसाओ घरी एकटा परतला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात स्वतःच्या घरी त्याने साधा भातसुद्धा लावला नव्हता.

इसाओ कादोवाकी हा जपानमधल्या मात्सुएतला जुना सुतार. वय एकोणसत्तर. गावातल्या निम्म्या जुन्या घरांच्या तुळयांना त्याचा हात लागलेला. लोक त्याला मेस्त्री म्हणत, आणि त्याच्या कामाची एक गोष्ट आवर्जून सांगत, की मेस्त्री आधी दोन दिवस नुसते घरात बसून राहतात, ऊन कुठून येतं आणि कुठे जातं ते बघतात, मगच पेन्सिल हातात घेतात. हे खोटं नव्हतं. मात्सुएत आभाळ निम्मं वर्ष खाली उतरलेलं असतं. गावाशेजारच्या तळ्यावरून आलेला ढग हलायचं नाव घेत नाही. असल्या गावात उजेड नीट वापरावा लागतो, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं.

त्याचं स्वतःचं घर त्याने लग्नाच्या आदल्या वर्षी बांधलं. त्यातलं स्वयंपाकघर आईच्या सांगण्यावरून उत्तरेला, मागच्या कोपऱ्यात घेतलं. तिकडे अन्न गार राहतं, टिकतं. दोन माणसं एकमेकांना अंग चोरूनच ओलांडतील एवढी जागा. जमीन बाकीच्या घरापेक्षा वीतभर खाली. ओट्यासमोर खिडकी होती, पण शेजारच्यांची भिंत तिथून दोन हातांवर. ते लोक आत बघतात असं आईला वाटायचं, म्हणून पुढे कधीतरी त्याने खिडकीवरच फडताळ ठोकून दिलं. त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली होती.

पहिल्या दिवशी तो मुळा चिरायला उभा राहिला आणि त्याला मुळा दिसेना. ट्यूबलाइट खोलीच्या मधोमध, म्हणजे ओट्याशी उभं राहिलं की बरोबर पाठीमागे. त्याची स्वतःची सावली चिरायच्या पाटावर पडत होती. तो डावीकडे सरकला, सावली सरकली. उजवीकडे झाला, तीही झाली. त्याच्या कारखान्यात कुणी असा दिवा लावला असता तर त्याने त्याला हाकलून दिलं असतं. पटाशी चालवताना सावली आली की बोट जातं. इथे सुरीने तेच झालं. बोट तोंडात धरून तो उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं की फुमिएच्या डाव्या हातावर जुने बारीक पांढरे वण आहेत. ते कशाचे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट पुढे येत गेली. वरच्या लोंबत्या कपाटावर त्याचं कपाळ दोनदा आपटलं. फ्रीजचं दार उघडलं की मागचं दार बंद व्हायचं. सिंकखाली सफरचंदाचं एक लाकडी खोकं उलटं घातलेलं होतं. ते तिथे का आहे म्हणून त्याने ओढून काढलं. खोक्याच्या पाठीवर दोन जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, पावलांच्या आकाराच्या. तो बराच वेळ त्याकडे बघत बसला. ओटा त्याने बांधला होता आईच्या मापाने. आई उंच बाई होती. फुमिए तिच्या खांद्याला लागायची. एक्केचाळीस वर्षं फुमिए त्या खोक्यावर चढून स्वयंपाक करत होती आणि त्याने ते खोकं शेकडो वेळा पाहिलं असणार. कांदेबटाटे ठेवायला असेल, असंच तो समजत आला होता.

तिने कधी मागितलं नव्हतं असंही नाही. बावीस वर्षांपूर्वी एकदा, जेवताना, तिने म्हटलं होतं की ही मधली भिंत काढता आली तर बैठकीतला उजेड आत येईल. इसाओ तेव्हा एका मोठ्या वाड्यासारख्या खाणावळीच्या कामात होता. घास न थांबवता तो म्हणाला होता, "त्या भिंतीवर तुळई आहे. हात लावता येणार नाही." आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली होती, "उजेडात कसला स्वयंपाक करायचाय? हात चालले म्हणजे झालं." फुमिएने पुन्हा विषय काढला नाही. आई गेली त्यालाही आता सोळा वर्षं झाली होती.

भिंतीवर तुळई होती हे खरं. पण तुळई दोन खांबांवर बसली होती, भिंतीवर नाही. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. घर त्यानेच तर बांधलं होतं.

पुढच्या भेटीत तो इस्पितळात गेला तेव्हा फुमिए दोन दांड्यांच्या मधे उभी राहून पाऊल टाकायचा प्रयत्न करत होती. व्यायाम शिकवणारी बाई शेजारी उभी. इसाओने खिशातून मापाची पट्टी काढली.

"जरा तशीच उभी राहा," तो म्हणाला. "कोपर वाकव."

"शवपेटीचं माप घेताय का?" फुमिएने विचारलं. व्यायामाच्या बाईला हसावं की नाही ते कळेना.

"ओट्याचं. स्वयंपाकघर नवीन करतोय."

फुमिए थांबली. दांडी तिने घट्ट धरली. "आता कशाला?"

"कशाला म्हणजे? पुन्हा पडशील."

"मी आता किती उभी राहणार आहे, अहो." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "तुमची मर्जी."

हिरोशिमात राहणाऱ्या लेकीने, चिनात्सुने, फोनवर सांगितलं, "बाबा, आईला नीट विचारा. काय हवं, काय नको. तिला दाखवा आधी." तो म्हणाला, हो हो. पण त्याला ते दाखवायचं नव्हतं. एकदम समोर ठेवायचं होतं. "तुमची मर्जी" हा होकार आहे, असं तो धरून चालला. तिच्या तोंडचे हेच दोन शब्द तो जन्मभर होकार म्हणून ऐकत आला होता.

मार्चच्या सुरुवातीला त्याने काम हाती घेतलं. गिलाव्याला नोत्सू आला. नोत्सू म्हणजे त्याचा चाळीस वर्षांचा सोबती, गवंडी, तोंडाने फाटका. आत पाऊल टाकून त्याने चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "मेस्त्री, गावभर खिडक्या वाटत फिरलात आणि घरात हे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." इसाओ फडताळाचे खिळे उपटायला लागला. नोत्सूनेही मग तोंड आवरलं आणि हातोडा उचलला.

खिडकीवरचं फडताळ काढलं तेव्हा दोघेही थांबले. मागे भिंत नव्हतीच. शेजाऱ्यांचं घर पाच वर्षांपूर्वी पाडलं होतं, म्हातारा-म्हातारी गेल्यावर. त्या जागेवर गवत होतं आणि पर्सिमनचं एक झाड, आणि त्याच्यामागे तळ्याकडचं आभाळ. उत्तरेचा तो संथ, पांढरा उजेड थेट ओट्यावर येऊन पडला. सुतार-चित्रकार ज्याच्यासाठी जीव टाकतात तो उजेड. घर पाडलं तेव्हा इसाओ रस्त्याच्या बाजूने रोज तिथून जात होता. पाच वर्षं हा उजेड एका फळीच्या पलीकडे थांबून होता आणि ही बाई ट्यूबलाइट लावून आपल्याच सावलीत मासे साफ करत होती.

त्याने मधली भिंत काढली. खांब ठेवले, तुळईला हात लावला नाही. जमीन वीतभर उचलून बैठकीच्या पातळीला आणली आणि बैठकीतल्याच लाकडी फळ्या न तोडता सरळ आत नेल्या, म्हणजे नजर कुठे अडत नाही आणि खोली आहे त्याहून मोठी वाटते. लोंबती कपाटं उतरवली. त्यांच्याऐवजी एकच अरुंद, उघडी फळी. जड भांडी खाली, ओढायच्या खणांत. फ्रीज बाहेर बोळातल्या कोनाड्यात गेला. छताच्या उताराला एक काचेचा झरोका बसवला. भिंतीला पांढरा गिलावा. दिवा ओट्याच्या समोर, वरच्या पट्टीखाली लपवलेला, हातावर पडेल असा. ओटा शहाऐंशीवरून अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर आणला आणि खाली मधे मोकळी जागा ठेवली, बसून काम करायचं झालं तर गुडघे आत जावेत म्हणून. कडा त्याने रंध्याने घासून इतक्या गोल केल्या की तळहात फिरवला तर कुठे संपतंय ते कळू नये. सफरचंदाचं खोकं त्याने तोडून जाळलं.

सगळं झाल्यावर तो मधोमध उभा राहिला. खोली तेवढीच होती, एक बोटही वाढली नव्हती. पण आता तिच्यात श्वास घेता येत होता. कित्येक वर्षांत कुठल्याही कामाने त्याला एवढं समाधान दिलं नव्हतं. त्याने नोत्सूला दोनदा बोलावून झरोका दाखवला.

एप्रिलच्या मध्यावर फुमिए काठी टेकत घरी आली. चिनात्सु गाडीने घेऊन आली होती. इसाओने सकाळीच शिंपले भिजत घातले होते. बैठकीत येताच फुमिएला ते समोर दिसलं, कारण आता अडवायला काही नव्हतं. पर्सिमनला कोवळी पानं फुटली होती, आणि त्यांचा हिरवट उजेड ओट्यावर पसरला होता. चिनात्सु दारातच थांबली. "आई गं," ती म्हणाली, "हे आपलंच घर आहे?"

फुमिएने काठी पुढे टेकली. सावकाश आत गेली. पायरी नव्हती, तरी तिचा पाय सवयीने खाली चाचपडला आणि तिने खांब धरला. ओट्याशी गेली. कोपर वाकवून हात ठेवला. हात बरोबर बसला. खिडकीतून बघितलं. वर झरोक्याकडे बघितलं. इसाओ तिच्या पाठीमागे उभा होता आणि त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"किती दिवस लागले?" तिने विचारलं.

"अठरा," तो म्हणाला. त्याला या प्रश्नाचा आनंदच झाला. "नोत्सूचा गिलावा वाळायला दोन दिवस गेले. नाहीतर सोळाच."

"अठरा दिवस."

"हो."

"तुळई कुठे गेली?"

"तुळई आहे की. ही काय, वर."

फुमिएने मान वर करून तुळईकडे पाहिलं, मग खांबाकडे. चिनात्सु आईकडून बापाकडे बघू लागली. फुमिए खुर्ची ओढून बसली आणि काठी गुडघ्यांत धरून म्हणाली, "मला वाटायचं ते होण्यासारखंच नाही. घर पडेल असं वाटायचं. मी मनाची समजूत घातली होती, अहो. एकेकाच्या घराला नसतो उजेड. आता कळतंय, अठरा दिवसांचं काम होतं."

 आई होती तेव्हा, असं काहीतरी इसाओच्या जिभेवर आलं. पण सोळा वर्षं मधे उभी होती. तो गॅसजवळ गेला आणि शिंपल्यांचं भांडं उगाचच हलवलं.

त्या दिवसापासून फुमिए स्वयंपाकघरात गेली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. तो शिजवायचा, ती खायची. "आज कालवणात मिसो जास्त झालाय, खारट लागतंय," एवढं सांगायची. बसायची मात्र बैठकीच्या अशा कोपऱ्यात की पाठ तिकडे व्हावी. शेजारणी बघायला यायच्या, हरखून जायच्या, म्हणायच्या की फुमिएबाई, नशीब काढलंत, आमच्या घरचा माणूस खिळासुद्धा ठोकत नाही. फुमिए त्यांना चहा द्यायला सांगायची. इसाओ चहा करायचा, आणि त्या उजेडात आपण उघडे पडलोय असं त्याला वाटायचं. दुपारच्या वेळी ती चटईवर पडलेली असायची, आणि डोळे मिटलेले असले तरी ती झोपलेली नाही हे त्याला कळायचं. त्याला तिच्यावर रागही आला. एवढं केलं, त्याचं काही नाही? मग राग यायचा तो स्वतःचा. हे दोन्ही राग एकमेकांत मिसळून दिवसच्या दिवस त्याच्या छातीत बसून राहायचे.

मे महिन्यात तपासणीचं निमित्त करून फुमिए लेकीबरोबर हिरोशिमाला गेली. जाताना म्हणाली, थोडे दिवस राहीन. किती, ते सांगितलं नाही. आठवडा झाला, दोन झाले. चिनात्सुचा फोन यायचा, आईची तब्येत बरी आहे, चालते, नातवाचे डबे करून देते. "आईला देऊ का?" असं ती विचारायची, आणि इसाओ म्हणायचा, राहू दे, झोपली असेल.

तिसऱ्या आठवड्यात नोत्सू आला होता. नव्या ओट्यावर कोपरं टेकून तो म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही भिंत काढलीत, पण तिला काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? दिसतंय की."

"भिंत दिसते. तुम्ही इतकी वर्षं काय केलंत तेही दिसतं. ते तुम्ही तोंडाने म्हणालात का?" बोलून नोत्सूने टोपी घातली आणि गेला. त्याच्या तोंडून कधी कामापलीकडचं एवढं निघालं नव्हतं, म्हणून ते लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसाओने बाजारातून ताजे शिंपले घेतले, बर्फात घातले आणि हिरोशिमाची बस धरली. डोंगरांतून तीन तासांचा रस्ता. बोगदे येत होते आणि जात होते, आणि प्रत्येक बोगद्यात खिडकीच्या काचेत त्याला आपलं तोंड दिसत होतं. बोलायचं वाक्य त्याने वीस वेळा मनात जुळवलं आणि वीस वेळा मोडलं.

चिनात्सु कामावर गेली होती, नातू शाळेत. फुमिएने दार उघडलं. शिंपले बघून म्हणाली, "इथे मिळत नाहीत असं थोडंच आहे." पण घेतले, आणि पाण्यात घालायला आत गेली. तो तिच्यामागे लेकीच्या त्या लहानशा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"फुमिए," तो म्हणाला. नावाने हाक मारायची त्याला सवय नव्हती. घरात "अगं" वर भागायचं. "भिंत तेव्हाही निघत होती. मला माहीत होतं."

तिने नळ बंद केला.

"खोटं सांगितलं मी. मला तो वेळ घरात घालवायचा नव्हता. बाहेरच्या कामाला लोक मान देत होते. इथलं कोण बघणार, असं वाटलं."

"मी बघत होते," फुमिए म्हणाली.

"हो."

तिने ओले हात फडक्याला पुसले, एकेक बोट पुसलं. "तेव्हा खरं बोलला असतात, तर मी भांडले असते. चाळिशीत होते मी, दम होता. कदाचित घर सोडूनही गेले असते. भांडायचंसुद्धा एक वय असतं. ते तुम्ही काढून घेतलंत." तिचा आवाज चढला नाही. "आता स्वयंपाकघर चांगलं झालंय. ते चांगलं झालंय, याचाच मला त्रास होतो. त्या दिवशी त्यात उभी राहिले आणि मला ती दुसरी फुमिए दिसली, अंधारातली. तिला काय सांगू?"

 "मला माफ कर" हे शब्द इसाओने म्हटले. कमरेत वाकून, गिऱ्हाइकापुढे वाकतो तसं नाही, खूप खाली. वर आला तेव्हा फुमिए शिंपल्यांकडे बघत होती. "दुपारची बस कितीची आहे?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. "मग जेवून जा," ती म्हणाली. जेवले. तो एकटाच परतला.

जूनच्या शेवटी फुमिए स्वतःहून आली. कारण सांगितलं ते असं, की उमेची आंबट फळं खारवायचे दिवस आलेत आणि इसाओला ते जमणार नाही, तो सगळ्या मालाला बुरशी लावून ठेवेल. आल्याबरोबर ती स्वयंपाकघरात गेली, नव्या ओट्याखाली गुडघे घालून बसली आणि दोन टोपल्या हिरवी उमेची फळं एकेक करून पुसायला घेतली. त्याला दुसऱ्या बाजूला बसवलं आणि देठ काढायला लावले. दोन-अडीच तास ते असे बसले होते. बाहेर रिपरिप चालू होती. बोलणं झालं ते फळांचंच.

सगळं मिटलं, असं म्हणता येणार नाही. अजूनही काही दिवस असे येतात की सकाळी ती ओट्याशी उभी राहते, हात थांबतो, आणि ती बैठकीत जाऊन पाठमोरी बसते. त्या दिवशी इसाओ सुरी उचलतो आणि अर्धवट राहिलेलं चिरतो. तो आता भात बरा लावतो. मासा अजून करपवतो. कुणी स्वयंपाकघराचं कौतुक केलं की फुमिए म्हणते, "हो, उजेड आहे," त्याच्यापुढे एक शब्द नाही.

परवा ती म्हणाली, "ती वरची फळी. चहाच्या डब्याला माझा हात पोचत नाही."

इसाओ तेव्हा नुकताच कामाचे कपडे काढून बसला होता. तो उठला, पट्टी आणली. "कुठवर घेऊ? तू दाखव."

फुमिएने काठी भिंतीला टेकवली, हात वर केला आणि दुखत नाही तिथपर्यंत नेला. "इथे," ती म्हणाली. त्याने तिच्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलची खूण केली आणि स्क्रू उघडायला घेतले. फळी एका बाजूने सुटली तशी तिने दुसऱ्या बाजूने ती धरून ठेवली.